किबलवरून कच्च्या मांसाकडे : एका घरातल्या दोन फेरेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

या घरात दोन फेरेट, म्हणजे छोटे मांसाहारी पाळीव प्राणी, आहेत. नर साडेचार वर्षांचा, नसबंदी झालेला, वजन १३२० ग्रॅम. मादी दीड वर्षाची, ७१० ग्रॅम. इथे त्यांना थोरला आणि धाकटी म्हणू. घरात नवरा-बायको आणि त्यांचं दोन वर्षांचं मूल. कुटुंबाची ओळख पटेल असं सगळं या लेखातून काढून टाकलं आहे.

थोरला पिल्लू असल्यापासून एकाच किबलवर, म्हणजे पिशवीतल्या कोरड्या दाणेदार खाद्यावर, वाढला. वाटी कायम भरलेली. मनात येईल तेव्हा चार दाणे खायचे आणि झोळीत जाऊन झोपायचं. धाकटी जिथे जन्मली तिथे पिल्लांना किबलसोबत खिमाही मिळत असे. हा फरक सुरुवातीला कोणी मनावर घेतला नाही, पण पुढचं बरंचसं त्यावरच ठरलं.

मी पशुवैद्य आहे; आहाराबद्दल बोलायला येणाऱ्यांना मी खाद्याची पिशवी सोबत आणायला सांगतो. या पिशवीवर प्रथिनं ३२ टक्के, स्निग्धांश १५, तंतू ३, ओलावा १० आणि राख (म्हणजे खनिजं) ८ असं छापलेलं होतं. पिष्टमय पदार्थांचा आकडा नव्हता. बहुतेक पिशव्यांवर तो नसतोच. शंभरातून बाकीचं वजा केलं की ३२ उरतात. म्हणजे वाटीतला जवळपास एक तृतीयांश भाग पिठाचा. घटकांच्या यादीतही कोंबडीच्या भुकटीपाठोपाठ मका आणि तांदूळ होते.

फेरेट हा युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्याचा माणसाळवलेला वंशज. पूर्णपणे मांसावर जगणारा. त्याचं आतडं आखूड असतं, त्याला उंडुक (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) नसतं, आणि खाल्लेलं अन्न तीन-चार तासांत बाहेरही पडतं. तंतू आणि पीठ पचवायला त्याच्याकडे ना जागा आहे ना वेळ. प्रथिनं ३५ ते ४० टक्के, स्निग्धांश २० च्या आसपास आणि दोन्ही मुख्यतः प्राणिज, ही त्याची खरी गरज. वनस्पतिज प्रथिनं जास्त झाली तर लघवी अल्कधर्मी होते आणि मूत्राशयात खडे धरू शकतात. तेव्हा आहार बदलायची पालकांची इच्छा मुळातच रास्त होती.

नेमकी अडचण

थोरल्याच्या दातांवर किटण चढलं होतं, केस रूक्ष झाले होते आणि तो दिवसेंदिवस जास्त झोपत होता. कधीमधी उडी मारताना त्याचे मागचे पाय लटपटत. वय झालं, असं घरच्यांनी धरलं होतं. बाईंनी नैसर्गिक आहाराबद्दल बरंच वाचलं, कोंबडीचं मांस आणलं, तुकडे करून दोघांपुढे ठेवलं. धाकटीने दोन दिवसांत खायला सुरुवात केली. थोरल्याने हुंगलं, नाकाने वाटी ढकलली आणि वर पायपुसणं ओढून झाकून टाकली.

मग त्यांच्या वाचनात आलं की भूक लागली की प्राणी खातोच, थोडा निग्रह पाहिजे. एका रात्री किबलची वाटी उचलून ठेवली गेली. सकाळी थोरला झोळीखाली पडलेला सापडला. तोंडातून लाळ गळत होती, पुढच्या पंजांनी तो तोंड ओरबाडत होता, डोळे उघडे पण नजर शून्यात. फोनवर मी त्यांना हिरड्यांवर थोडा मध चोळायला आणि तो शुद्धीत येऊन गिळू लागला की लगेच त्याचं नेहमीचं खाद्य भिजवून भरवायला सांगितलं. नुसत्या गोडावर थांबून चालत नाही. साखर झपाट्याने वाढली की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं आणि प्राणी पुन्हा कोसळतो.

दवाखान्यात आल्यावर तो बराच सावरलेला होता. नंतर देखरेखीखाली चार तास उपाशी ठेवून रक्त तपासलं, तेव्हा साखर दर डेसिलिटरला ५८ मिलिग्रॅम आली. निरोगी फेरेटमध्ये ती साधारण ९० ते १२५ असते. तपासणी प्रयोगशाळेतून करून घेतली, कारण माणसांसाठीचं ग्लुकोमीटर फेरेटच्या रक्तात साखर बरेचदा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं. लक्षणं आणि आकडा एकत्र पाहता इन्सुलिनोमाचा, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या गाठीचा, दाट संशय होता. मध्यमवयीन फेरेटमध्ये हा आजार बरेचदा आढळतो. पीठ जास्त असलेल्या खाद्याशी त्याचा संबंध असावा असं अनेकांना वाटतं, पण ते सिद्ध झालेलं नाही. बाईंनी विचारलं, "डॉक्टर, म्हणजे मीच त्याला आजारी पाडलं का?" गाठ एका रात्रीत होत नाही, ताई, आणि ती रात्र आली नसती तर ती आणखी काही महिने कळलीही नसती, हे मी त्यांना सांगितलं. ते खरंच होतं.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. फेरेटला कुत्र्याप्रमाणे उपाशी ठेवून वळण लावता येत नाही. निरोगी फेरेटही दिवसाला आठ-दहा वेळा थोडंथोडं खातो. पिल्लूपणी, साधारण पहिल्या सहा महिन्यांत, जे वास त्याच्या नाकाला अन्न म्हणून ओळखीचे होतात तेच त्याच्यासाठी अन्न. नंतर आलेला वास कितीही चांगल्या मांसाचा असला तरी त्याला ती खायची वस्तू वाटतच नाही. असा प्राणी हट्टाने नव्हे तर अनोळखीपणामुळे उपाशी राहतो, आणि फार काळ उपाशी राहिला तर यकृतात चरबी साठून वेगळंच संकट उभं राहतं.

समोर असलेले पर्याय

आता प्रश्न दोन झाले होते : थोरल्याचा आजार आणि दोघांचा आहार.

आजारासाठी शस्त्रक्रिया की औषध, हा निर्णय तुलनेने लवकर झाला. गाठी काढल्या तर साखर बरेचदा दीर्घकाळ आटोक्यात राहते, पण आजार पुन्हा उद्भवण्याची शक्यता असते. पालकांनी औषध निवडलं, प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. आहाराने ही गाठ जात नाही हे मी स्पष्ट केलं. पीठ कमी करून मांस वाढवलं तर साखरेचे चढउतार सौम्य होण्याची आशा मात्र होती.

आहाराबाबत चर्चा लांबली. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे किबलच ठेवायचं, पण मांस जास्त आणि पीठ कमी असलेलं. नवऱ्याचा कल इकडे होता. घरात लहान मूल, ते जमिनीवर रांगतं-लोळतं, फेरेट त्याच्या तोंडाला तोंड लावतात. कच्च्या मांसात साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, लिस्टेरिया असू शकतात आणि फ्रीझरमध्ये ठेवल्याने ते मरतात हा समज चुकीचा आहे. गोठवल्याने काही परजीवी मरतात, जिवाणू बरेचसे तग धरतात. त्याची भीती मला पूर्णपणे ग्राह्य वाटली.

दुसरा पर्याय तयार, संतुलित, गोठवलेल्या कच्च्या आहाराचा. प्रमाणांची चिंता नाही, पण पिशवीवर तो संपूर्ण आहार आहे की नुसता पूरक, हे वाचून घ्यावं लागतं. तिसरा, उंदीर किंवा कोंबडीची पिल्लं अख्खी देणं. निसर्गाच्या सगळ्यात जवळचा हाच मार्ग, कारण हाड, काळीज, मेंदू सगळं योग्य प्रमाणात आपोआप येतं. बाईंनी तो एका वाक्यात बाजूला ठेवला : तिच्या फ्रीझरमध्ये उंदीर राहणार नाहीत. पालकाला जे रोज करवणार नाही तो आहार कागदावर कितीही उत्तम असो, टिकत नाही.

उरला घरी बनवायचा आहार. त्यात सर्वांत मोठा धोका अपुरेपणाचा. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. महिनोन्‌महिने तेच दिलं तर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागतं आणि हाडं ठिसूळ होतात. फेरेट पाळणारे साधारण ८० टक्के मांस, १० टक्के खाण्याजोगं हाड, ५ टक्के यकृत आणि ५ टक्के इतर अवयव असं प्रमाण धरतात. हा अनुभवाचा ठोकताळा आहे, प्रयोगशाळेचं सूत्र नव्हे, पण सुरुवातीला उपयोगी पडतो. हृदय मांसात मोजायचं आणि ते असायलाच हवं, कारण टॉरिन हे अमिनो आम्ल त्यात भरपूर असतं आणि टॉरिन कमी पडलं तर हृदयाचा स्नायू दुबळा होतो. यकृत जास्त झालं तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक. हाड नेहमी कच्चंच. शिजलेलं हाड टोकदार तुकड्यांत फुटतं.

पक्ष्यांच्या मांसाबद्दल एक वेगळी काळजी होती. फेरेटला इन्फ्लुएंझा सहज होतो. १९३३ साली माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा करता आला तो फेरेटमुळेच, आणि आजही फ्लूचं संशोधन त्यांच्यावर होतं. अलीकडच्या वर्षांत एच५एन१ बर्ड फ्लूची लागण झालेलं कच्चं खाद्य खाऊन मांजरं दगावली आहेत. साथ चालू असताना फेरेटला कच्ची कोंबडी देणं मला पटत नाही, आणि या घरीही ते तसंच ठरलं.

काय ठरलं आणि काय केलं

दोघांना एकाच वेगाने न्यायचं नाही, हा पहिला निर्णय. धाकटीला तयार कच्चा आहार मुख्य आणि त्याच्या जोडीला आठवड्यातून काही वेळा ससा किंवा बकऱ्याचं मांस, हृदयासह. थोरल्याला जुन्याऐवजी कमी पिठाचं किबल, तेही जुन्यात मिसळत मिसळत, आणि त्याची वाटी दिवसरात्र भरलेली. मांस त्याच्यासाठी फक्त जास्तीचं. खाल्लं तर बरं, न खाल्लं तर किबल आहेच.

या शेवटच्या वाक्यावर आमचा थोडा वाद झाला. कच्च्या आहाराच्या बाजूचे अनेक लोक सांगतात की किबल आणि मांस एकाच वेळी दिलं तर पचत नाही, कारण दोन्ही वेगवेगळ्या वेगाने पचतात. याला भक्कम आधार मला कुठे दिसलेला नाही, आणि ज्याचं पोट तीन-चार तासांत रिकामं होतं अशा आजारी प्राण्याचा आधार त्या तर्कावर काढून घेणं मला मान्य नव्हतं. खरी अडचण वेगळीच असते : मांसाने भिजलेलं किबल वाटीत पडून राहिलं तर लवकर नासतं. म्हणून दोन वाट्या वेगळ्या ठेवल्या.

थोरल्याच्या नाकाला मांस ओळखीचं करायचं काम बाईंनी फार चिकाटीने केलं. त्याचंच किबल खलबत्त्यात कुटून पीठ करायचं, कोमट पाण्यात कालवायचं, आणि त्या लापशीत पहिल्या दिवशी मांसाचा रस अगदी थेंबभर. वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून लापशी अंगाइतकी कोमट करायची, कारण गार अन्नाला वास येत नाही. सुरुवातीला तो वाटीकडे फिरकेना. मग बोटाच्या टोकावर घेऊन ओठांना लावलं. ओठ चाटता चाटता त्याने बोट चाटलं. तिथून वाटीपर्यंत पोहोचायला आठवडा गेला. लापशीत बारीक वाटलेलं मांस थोडं थोडं वाढत गेलं, किबलचं पीठ कमी होत गेलं. प्रमाण वाढवल्यावर त्याने तोंड फिरवलं की एक पायरी मागे. हा नियम कधी मोडला नाही.

दोन नोंदी रोज व्हायच्या : सकाळचं वजन आणि विष्ठा. वजन मूळच्या दहा टक्क्यांनी घटलं तर सगळं थांबवायचं, हे आधीच लिहून ठेवलं होतं. विष्ठा पांढुरकी आणि भुगा होणारी दिसली तर हाड जास्त झालं. काळपट आणि पातळ दिसली तर यकृत जास्त. डांबरासारखी काळी आणि चिकट दिसली तर मात्र थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा, कारण ते जठरातल्या रक्तस्रावाचं लक्षण असतं.

स्वच्छतेचे नियम नवऱ्याने ठरवले आणि तोच ते पाळून घेत असे. मांस कापायची फळी आणि सुरी वेगळी. फेरेट पिंजऱ्यातच, धुता येईल अशा चटईवर जेवणार; मांसाची वाटी अर्ध्या तासाने उचलायची. फेरेटच्या शी-शूचा ट्रे मुलाच्या हाताला लागणार नाही अशा जागी. फेरेटने मुलाचं तोंड चाटायचं नाही, आणि फेरेटला हात लावल्यावर मुलाचे हात धुवायचे.

मध्येच आलेले अडथळे

पहिला अडथळा लपवाछपवीचा. फेरेट अन्न साठवतो, हे कोरड्या किबलच्या बाबतीत निरुपद्रवी असतं. धाकटी मात्र गालात मांसाचा तुकडा धरून पिंजऱ्याबाहेर सटकली आणि तो सोफ्याच्या फाटक्या अस्तरात नेऊन कोंबला. दोन दिवसांनी वासाने शोध लागला. त्यानंतर जेवण संपून तिचं तोंड रिकामं असल्याची खात्री होईपर्यंत पिंजऱ्याचं दार बंद राहू लागलं. नवरा तेव्हा हा सगळा प्रकार थांबवायच्या बेतात होता. सोफ्याचं अस्तर शिवून घेतलं आणि त्याने तो बेत सोडला.

दुसरा पाण्याचा. धाकटी पाणी पिईना म्हणून बाई घाबरून आल्या. किबलमध्ये ओलावा दहा टक्क्यांच्या आसपास, मांसात सत्तरच्या. तिला पाणी अन्नातूनच मिळत होतं. त्वचा लवचीक, हिरड्या ओल्या, लघवी नेहमीसारखी. काळजीचं कारण नव्हतं.

तिसरा गंभीर होता. थोरला लापशी आनंदाने खाऊ लागला, पण तुकडा आला की डोकं एका बाजूला वाकवून सोडून द्यायचा. बाईंना वाटलं, अजून सवय नाही. तोंड उघडून पाहिलं तर वरच्या डाव्या दाढेभोवतीची हिरडी सुजून लाल झाली होती. त्याला चावताना दुखत होतं. दातांवर इलाज करायचा तर भूल द्यावी लागणार, आणि साखर अस्थिर असताना ती जोखमीची. औषधाने साखर स्थिर होईपर्यंत थांबलो. भूल देताना शिरेतून ग्लुकोज चालू ठेवलं आणि उपवासाचा वेळ कमीत कमी राखला. दाढ काढली. हाड चावून खाणं मात्र त्याच्या बाबतीत कायमचं सोडून दिलं. त्याला हाड दळलेलं, तयार आहारातूनच मिळतं.

याच सुमारास थोरल्याचं वजन १३२० वरून १२३० ग्रॅमवर आलं. दहा टक्क्यांची रेषा अजून ओलांडली नव्हती. हिवाळा सरत होता, आणि फेरेट हिवाळ्यापूर्वी अंगावर चरबी चढवतात आणि वसंतात उतरवतात. त्यामुळे हे ऋतूमुळे की आहारामुळे, सांगणं कठीण होतं. मांस वाढवणं तेवढं थांबवलं, किबल आणि औषध तसंच चालू ठेवलं, वजन दिवसातून दोनदा घेतलं. ते तिथेच टिकलं, आणि मग आम्ही पुढे गेलो. धाकटीचंही वजन त्याच काळात थोडं उतरलं होतं, यामुळे ऋतूकडे झुकणारा अंदाज बळकट झाला.

परिणाम

धाकटी तीन आठवड्यांत पूर्णपणे कच्च्या आहारावर आली. तिची विष्ठा कमी आणि घट्ट झाली, वास घटला. ससा चावताना ती मांस मागच्या दाढांपर्यंत ढकलते आणि डोळे मिटून कात्रीसारखं कापते. किबलवर वाढलेल्या फेरेटला हे शिकायला वेळ लागतो, तिला लागला नाही.

थोरला पूर्ण बदलला नाही. चार महिन्यांनंतर त्याच्या खाण्यात निम्म्याहून थोडं जास्त मांसाची लापशी आणि बाकी कमी पिठाचं किबल, असा बेत स्थिरावला. रात्री किबलची वाटी त्याच्याजवळ असते. चार तासांच्या उपवासानंतरची साखर आता ८० च्या घरात राहते, लाळ गळण्याचा प्रसंग पुन्हा आला नाही, मागचे पाय लटपटणं क्वचित दिसतं. यात औषधाचा वाटा किती आणि आहाराचा किती, हे वेगळं काढता येत नाही. दोन्ही जवळपास एकाच वेळी सुरू झालं. आजार आत आहेच आणि औषधाची मात्रा पुढे वाढवावी लागेल, हे पालकांना माहीत आहे.

मुलाला या काळात पोटाचा काही त्रास झाला नाही. म्हणून धोका नव्हता असा अर्थ मी काढत नाही. नियम पाळले गेले, एवढंच म्हणता येईल.

वेगळं काय करता येईल

तीन वर्षांवरच्या कोणत्याही फेरेटचा आहार बदलायचा असेल तर आधी उपाशीपोटीची साखर आणि तोंडाची नीट तपासणी, हा क्रम मी आता सगळ्यांना सांगतो. या प्रकरणात दोन्ही गोष्टी संकट आल्यावर कळल्या. आधी तपासलं असतं तर मागच्या पायांचं लटपटणं वयाच्या खाती जमा झालं नसतं, आणि दाढेच्या दुखण्याला सवयीचा अभाव समजलं गेलं नसतं.

औषध आणि आहार यांच्यात दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवता आलं असतं तर कशाने काय बदललं हे जास्त स्पष्ट झालं असतं. पण थोरला ज्या अवस्थेत आला होता ती पाहता औषध लांबवणं शक्य नव्हतं; लांबवायचं तर मांसच लांबवायला हवं होतं. आज मी तसं सुचवेन.

थोरल्याला शंभर टक्के मांसावर आणायचा प्रयत्न आणखी रेटावा का, असं बाई अधूनमधून विचारतात. माझं उत्तर नाही असं आहे. साडेचार वर्षांच्या नाकाने निम्मं मांस स्वीकारलं आणि वजन टिकलं, तर उरलेल्या निम्म्यासाठी आजारी प्राण्याची भूक पणाला लावण्यासारखं काही मिळत नाही.

पिल्लू घरी आणणाऱ्यांसाठी हे सगळं फार सोपं असतं. पहिल्या सहा महिन्यांत मुख्य आहार कोणताही असो, तीन-चार प्रकारचं मांस, एखादं किबल आणि लापशी यांचे वास त्याच्या नाकाखालून नियमितपणे जाऊ द्यावेत. पुढे आजारपणात औषध मिसळून भरवायचं असो की खाद्य बाजारातून अचानक गायब होवो, त्याच्याकडे खाण्याजोगं दुसरं काहीतरी असतं.